किटलीतला पांढरा थर आणि बारावीची केमिस्ट्री

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. अकरावी-बारावी सायन्सची आपली मुलं-मुली ‘रासायनिक समतोल’ पाठ करतात, पण या थराशी त्याचा संबंध जोडत नाहीत. तो जोडला की धडाही समजतो आणि घरचा खर्चही वाचू शकतो.

पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं. वाटेत चुनखडी लागली की ती विरघळते आणि कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. हीच क्रिया उलटही चालते. दोन्हीकडचा वेग सारखा झाला की समतोल झाला. क्रिया थांबली असं नाही. पाणी उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, समतोल उलट बाजूला सरकतो आणि चुना पुन्हा तळाला बसतो. तोच तो थर! सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही.

समतोल दिशा सांगतो. ‘किती’ हे सांगतं टायट्रेशन. 50 मिली पाणी घ्या, बफर घालून पीएच 10 ठेवा, एरिओक्रोम ब्लॅक टी टाका. पाणी लालसर होतं. ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडा. रंग निळा झाला की थांबा. याचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समजा 20 मिली लागले, तर 50 मिली पाण्यात 20 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला 400 मिलिग्रॅम.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे 400 जास्त आहे, पण घाबरण्यासारखं नाही.

मशीन विकायला येणारे टीडीएसचं पेन बुडवून दाखवतात. ते विद्युतवहनावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. त्यातला जडपणा किती, नायट्रेट किती, जंतू आहेत का, हे त्यातून कळत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं.

म्हणून आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या, मशीनचं नंतर बघू. आणि रिपोर्ट आला की तो घरातल्या बारावीच्या मुलीसमोर ठेवा. आकडा मर्यादेत आहे का, उकळून काय जाईल, काय राहील, हे तिलाच सांगू द्या.