दगडाची गोधडी

“हात धुऊन ये, नाहीतर जंतू पोटात जातील,” असे आपण नातवंडांना दिवसातून कितीदा तरी बजावतो. ते योग्यच आहे. परंतु त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रत्येक जीव आपला वैरी, असा समज बालमनात रुजतो. तो दूर करणारी एक गोष्ट घरातल्या गोधडीपासून सुरू करता येईल.

गोधडीची उसवलेली कड मुलांना दाखवावी. जुन्या लुगड्याचा एक थर, त्याखाली धोतराचा दुसरा, त्याखाली आणखी एक. असेच थरावर थर चढून बनलेले काही खडक आहेत. त्यांना ‘स्ट्रोमॅटोलाइट’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांत ‘स्ट्रोमा’ म्हणजे अंथरूण आणि ‘लिथॉस’ म्हणजे दगड.

मूल लगेच विचारील, “ही दगडाची गोधडी शिवली कोणी?”

सांगावे, जंतूंनी! उथळ पाण्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीवाणू दाटीवाटीने राहतात. त्यांच्या अंगच्या चिकट स्रावात वाळूचे, मातीचे कण अडकतात. ऊन मिळावे म्हणून जीवाणू त्या कणांवर सरकून नवा थर धरतात. खालच्या थरांत पाण्यातला चुना साचतो आणि त्याचा दगड होतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे येथे हे काम आजही चालू आहे. तिथल्या हॅमेलिन पूल या भागातले पाणी समुद्राच्या सुमारे दुप्पट खारट असल्याने हे थर खाणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत. तरीही वाढ वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. वीतभर उंचीला चारशेहून अधिक वर्षे लागतात. पूर्वी लोकर वाहणाऱ्या गाड्या या थरांवरून गेल्या, त्यांच्या चाकोऱ्या अजून भरून आलेल्या नाहीत.

याच ऑस्ट्रेलियात सुमारे 348 कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट सापडले आहेत. आपल्याकडे राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंदा आणि उदयपूरजवळ झामरकोटडा येथेही असे प्राचीन खडक असून ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके आहेत.

आता गोष्टीतला मुख्य भाग. फार पूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. सायनोबॅक्टेरिया ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून आपले अन्न करू लागले आणि प्राणवायू बाहेर टाकू लागले. तो आधी समुद्रातल्या विरघळलेल्या लोहाशी संयोग पावला व लोहाचे थर तळाशी बसले. आपल्या तव्याचे लोखंडही बहुधा तशाच प्राचीन थरांतून आलेले असते. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत साठू लागला. पुढे या जीवाणूंचेच वंशज वनस्पतींच्या पेशींत वस्तीला आले. अंगणातल्या तुळशीचे पान हिरवे आहे ते त्यांच्यामुळे.

येथे मुलांना सावकाश एक श्वास घ्यायला सांगावे. आपणही त्यांच्याबरोबर घ्यावा. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांनाही ही गोष्ट उशाशी बसलेल्या नातवंडाला सांगता येईल. तिला लागते ती अंगावरची गोधडी आणि थोडा निवांतपणा.

शेवटी मूल विचारीलच, “मग आता हात कशाला धुवायचे?” तेव्हा सांगावे, “काही जंतू आजार आणतात, म्हणून जेवणाआधी हात धुवायचेच. पण बाळा, ज्या हवेवर आपण जगतो, तीही जंतूंनीच घडवली, हेही लक्षात ठेवायचे.”