पर्सेंटाइल आले, आता बोलायचे कसे?

कॅटचा निकाल डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला लागतो. घरात मिठाई येते, मामूंना आणि खालाला फोन जातात. काही आठवड्यांनी त्याच मोबाइलवर एक ईमेल येतो : अमुक तारखेला, अमुक शहरात, लेखी चाचणी व मुलाखतीसाठी हजर राहावे. मग अम्मी विचारतात, "परीक्षा तर झाली, आता हे आणखी काय राहिले?" पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, कारण घरातून एमबीएकडे वळलेले ते पहिलेच मूल असते.

आम्ही मालेगावात शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. व्यवस्थापन हा काही आमचा विषय नव्हे. पण शाळेतून गेलेली मुले-मुली पदवीनंतर अर्ज घेऊन परत येतात, आणि त्यांच्याबरोबर सराव करता करता काही गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. त्याच इथे मांडत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रत्येक एमबीए प्रवेशाला गटचर्चा असतेच असे नाही. महाराष्ट्राच्या सीईटीनंतर ज्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या होतात, ज्यांना मुले 'कॅप राउंड' म्हणतात, त्यांत गुणांच्या यादीप्रमाणे जागा मिळते. १९६५ साली सुरू झालेली चर्चगेटची जमनालाल बजाज संस्थाही या फेऱ्यांत येते. आयआयएमचे तसे नाही. तिथे कॅटचे गुण हे फक्त दार उघडतात. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, लेखी चाचणी आणि मुलाखत यांची मिळून बेरीज होते, आणि ती बेरीज प्रत्येक आयआयएम आपापल्या पद्धतीने करते. बहुतेक आयआयएमनी आता गटचर्चा सोडून तिच्या जागी छोटा निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. पण इतर अनेक संस्थांत गटचर्चा किंवा एखादी गटकृती अजून होते. तेव्हा बोलावणे आले की आधी त्या संस्थेचे पत्रक नीट वाचावे. शेजारच्या मुलाला काय विचारले होते यावर आपली तयारी बेतू नये.

गटचर्चेचा हिशेब सोपा आहे. दहा उमेदवार आणि पंधरा मिनिटे, म्हणजे एकाच्या वाट्याला दीड मिनिट. इतक्या वेळात भाषण होत नाही, आणि कोणी तसे मागतही नाही. तीन किंवा चार वेळा बोलायचे, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंद, आणि दर वेळी चर्चा थोडी पुढे सरकली पाहिजे. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की मुलांच्या चेहऱ्यावरची निम्मी भीती उतरते.

आमच्या शाळांतल्या एका गोष्टीचा इथे उलटा परिणाम होतो, आणि ती आहे तकरीर. उर्दू शाळांत तकरीरचे मुकाबले होतात, मराठी शाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात. ढाली घरातल्या कपाटात मांडलेल्या असतात. पण ती तकरीर बहुतेक वेळा सरांनी लिहून दिलेली आणि मुलाने पाठ केलेली असते. असे मूल गटचर्चेत बसले की "सदरे मोहतरम" म्हणण्याच्या आवेशातच सुरुवात करते, आणि कोणी मध्ये एक प्रश्न टाकला की त्याची गाडी रुळावरून उतरते. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे तकरीर बसवत आलो आहोत आणि तिचा फायदाही जाणतो. आवाज मोकळा होतो, सभेची भीती जाते. पण गटचर्चेच्या कामाचा खेळ दुसराच आहे, आणि तोही आपल्याच शाळांत आहे : बैतबाजी. समोरच्या संघाच्या शेराचे शेवटचे अक्षर कानाने पकडल्याशिवाय तुम्हाला आपला शेर म्हणताच येत नाही. कितीही शेर पाठ असोत, अक्षर चुकले की डाव गेला. गटचर्चेत नेमके हेच हवे असते. "आता यांनी वाहतूक खर्चाचा मुद्दा मांडला, त्यात मला एक भर घालायची आहे," असे जो म्हणतो, त्याने समोरच्याचे अक्षर पकडलेले असते. परीक्षक त्याची नोंद घेतात.

मुद्दे आणायचे कुठून? कांदा निर्यातबंदीचाच विषय घ्या. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि मे २०२४मध्ये किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्क लावून ती पुन्हा खुली केली. दिल्ली-मुंबईचा मुलगा यावर वर्तमानपत्रात वाचलेले चार शब्द बोलेल. आमच्या भागातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र लासलगावची बाजारपेठ असते, चाळीत साठवलेला कांदा असतो, आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचे घर असते. विषय हाती आला की कागदावर चार नावे लिहावीत : पिकवणारा, विकणारा, खाणारा, सरकार. बंदीने या प्रत्येकाचे काय झाले, हे एकेका वाक्यात मांडले की चार मुद्दे तयार होतात. शेतकऱ्याचा भाव पडतो, शहरातल्या घराला तात्पुरता दिलासा मिळतो, व्यापाऱ्याचे परदेशातले गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळते, सरकारला महागाईही सांभाळायची असते. हीच चार नावे थोडी बदलून कितीतरी विषयांना लावता येतात. 'शून्य' किंवा 'लाल रंग' असले अमूर्त विषय देणारेही असतात. तिथे एखादे खरे उदाहरण धरावे आणि त्यावरच उभे राहावे.

आता इंग्रजीची गोष्ट. आमच्याकडे येणारे प्रत्येक मूल आधी हेच सांगते : "सर, इंग्लिश कमजोर है." आमचा अनुभव असा की बहुतेकांची इंग्रजी कामापुरती असते. तोकडे पडते ते विचार मांडण्याचे वळण. जे मूल उर्दूत किंवा मराठीत सलग पाच वाक्ये मुद्द्याला धरून बोलू शकत नाही, ते इंग्रजीत बोलेल कसे? म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही सराव मातृभाषेतच घेतो. मग तेच मुद्दे इंग्रजीत, आखूड वाक्यांत. दर वाक्यामागे 'बेसिकली' आणि 'अ‍ॅक्चुअली' लावण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी लागते. उच्चारांचे म्हणाल, तर ज्या मुलांनी लहानपणी मार खाऊन का होईना, आपले शीन-काफ दुरुस्त करून घेतले, त्यांना इंग्रजी उच्चारांची इतकी धास्ती का वाटावी, हे आम्हाला कळत नाही. रोज दहा मिनिटे इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा आणि लगेच तो तीन वाक्यांत अब्बांना आपल्या भाषेत सांगावा. दोन महिन्यांत फरक कळतो.

अब्बांना सांगावा, असे मुद्दाम म्हटले. कारण खरी अडचण आम्हाला इथे दिसते. मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलायचे नाही, ही आपल्या घरांची शिकवण. अदब हवाच. पण ज्या मुलीने वीस-बावीस वर्षे दस्तरखानवर फक्त "जी" म्हटले, तिने मुलाखतीत तीन अनोळखी प्राध्यापकांना "मला तसे वाटत नाही, सर, कारण..." असे एका दिवसात म्हणावे, ही अपेक्षा चुकीची आहे. आमची एक विद्यार्थिनी पदवीला पहिल्या वर्गात होती, पण सरावात तिचे दुसरे वाक्य कधी ऐकूच येत नसे. पहिले वाक्य बोलून ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची, परवानगी आहे की नाही याचा अंदाज घेत. तिच्या वडिलांना बोलावून आम्ही एवढेच सुचवले की रात्रीच्या जेवणावेळी रोज एका बातमीवर तिचे मत विचारा, आणि ते पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. ते हसले आणि म्हणाले, "सर, ये तो मेरा इम्तिहान हो गया." पहिला आठवडा त्यांनाच जड गेला. पुढे त्यांच्यातल्या वादाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागला, असे तिच्या अम्मींनी सांगितले. मुलगी अदबीने बोलत होती, पण वाक्य पूर्ण करत होती.

घरात सहा-सात चुलत-मावस भावंडे असतील तर शुक्रवारी संध्याकाळी गटचर्चा घरीच होऊ शकते. आमच्या गावात शुक्रवारी कारखाने बंद असतात, त्यामुळे मोठेही घरी असतात. मोबाइलवर पंधरा मिनिटे लावावीत. एकाने न बोलता फक्त नोंदी ठेवाव्यात : कोण किती वेळा बोलले, कोणी दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला, कोणी दुसऱ्याला अडवले. या नोंदी वाचून दाखवल्यावर जी शांतता पसरते, ती कोणत्याही क्लासच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते. महागडे क्लास लावूच नयेत असे नाही, पण त्यांच्याकडची छापील उत्तरे घरी आणू नयेत. मुलाखत घेणाऱ्यांनी ती कित्येकदा ऐकलेली असतात.

मुलाखतीत प्रश्न बहुतांशी आपणच पुरवलेले असतात. अर्जात 'वाचन' हा छंद लिहिला की "शेवटचे पुस्तक कोणते?" हे आलेच. बीकॉमच्या मुलाला घसारा म्हणजे काय, ताळेबंदाच्या दोन बाजू का जुळतात, हे विचारतात. अभियंत्याला त्याच्या शाखेतले मूलभूत काहीतरी विचारतात. 'एमबीए का?' याला 'मोठ्या पॅकेजसाठी' हे खरे असले तरी अपुरे उत्तर आहे. जे येत नाही त्याला सरळ "माहीत नाही, सर" म्हणावे. गुण कमी असतील किंवा एखादे वर्ष वाया गेले असेल तर कारण दोन वाक्यांत सांगून थांबावे.

आणि आपले घर लपवू नये. एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे नुसते 'बिझनेस' लिहिले होते. आम्ही सरावात विचारले, कसला? तो घुटमळत म्हणाला, "लूम." किती माग? सूत स्वतःचे की मजुरीवर विणता? पिकामागे किती पैसे मिळतात? वीजदर वाढला की काय करता? सायझिंगचे पैसे कधी द्यावे लागतात आणि ग्रे कापडाचे कधी हाती येतात? दहा मिनिटे तो थांबला नाही. खेळते भांडवल, उधारी, मजूर टिकवणे, हे सारे तो लहानपणापासून कारखान्यात बघत आला होता. पुस्तकात त्यालाच व्यवस्थापन म्हणतात, एवढेच त्याला सांगायचे राहिले होते. अर्जात त्याने शब्द बदलला : 'चोवीस यंत्रमागांचा घरगुती कारखाना.' पुढे खऱ्या मुलाखतीचा अर्धा वेळ त्या चोवीस मागांवरच गेला.

एका नाजूक गोष्टीबद्दल मुले दबक्या आवाजात विचारतात. आपले नाव बघून, डोक्यावरची ओढणी बघून काही विचारले तर? विषयच मुसलमानांशी संबंधित निघाला आणि सगळ्या नजरा आपल्याकडे वळल्या तर? आमचे म्हणणे असे की तिथे तुम्ही कौमचे वकील म्हणून गेलेले नाही आणि आरोपी म्हणूनही नाही. माहिती असेल तर माहिती द्यावी. मुस्लिमांच्या शिक्षणाचा विषय निघाला तर २००६चा सच्चर समितीचा अहवाल काय म्हणतो, हे आपल्याला नेमके माहीत असावे, आणि आपल्या गावात तेव्हापासून काय बदलले हेही. आवाज चढवू नये आणि खुलासेही देत बसू नये. पोशाख रोजचा, स्वच्छ, इस्त्री केलेला असावा. हिजाब घालणाऱ्या मुलीने सरावही हिजाबमध्येच करावा, म्हणजे त्या दिवशी हात सारखे पिनेकडे जाणार नाहीत. "लग्न झाल्यावर काय?" असा प्रश्न आला तर "घरच्यांशी बोलूनच अर्ज केला आहे, शिक्षण आणि नोकरी दोन्ही करणार आहे," एवढे पुरे. मात्र ते बोलणे घरात खरोखर झालेले असावे. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे आहे. शैक्षणिक कर्ज, त्यावरचे व्याज, शिष्यवृत्ती, परगावचे वसतिगृह, या सगळ्यावरचा घरातला वाद मुलाखतीच्या आदल्या रात्री काढू नये, अर्ज भरतानाच उरकावा.

शेवटी कागदपत्रांचे. इथे आपली मुले फार अडखळतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पदवीच्या प्रमाणपत्रावर मोहम्मदचे नुसते 'मो.' झालेले. शेख कधी पुढे, कधी मागे. ही दुरुस्ती निकालानंतर काढली तर वेळेत होत नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघावे. महाराष्ट्रात आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण राज्याच्या यादीतले नाव केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. आयआयएमसाठी केंद्राच्या नमुन्यातले, चालू आर्थिक वर्षाचे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागते. आपल्या बिरादरीचे नाव यादीत कसे लिहिले आहे ते बघून, उन्हाळ्याच्या सुट्टीतच तहसील कार्यालयाची चक्कर मारावी. ऑगस्टमध्ये अर्ज सुरू झाले की तिथली रांग लांबते.