मडक्याची खूण आणि ताऱ्यांची खूण

१९९१ साली भारत सरकारने निसर्गास कमी अपाय करणाऱ्या मालासाठी ‘इकोमार्क’ ही खूण काढली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह. कल्पना मोठी सुंदर होती. साबण, कागद, रंग अशा नित्याच्या मालावर हे मडके दिसावे आणि गिऱ्हाइकाने ते पाहून माल घ्यावा. परंतु श्रोतेहो, आपल्यापैकी किती जणांनी दुकानात जाऊन मडक्याची खूण मागितली? कारखानदारही फारसे पुढे आले नाहीत.

याच्या उलट दुसरी हकीकत पाहा. २००६ साली विजेच्या उपकरणांवर तारे छापण्याची योजना निघाली. आज फ्रीज घ्यावयास गेलेले जोडपे आधी तारे मोजते. का बरे? त्या चिठ्ठीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल, हा आकडा असतो. तारा पृथ्वीविषयी बोलत नाही, घरच्या बिलाविषयी बोलतो.

एलईडी दिव्याचेही तेच झाले. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्यास नऊ युनिट खातो; नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आतच भागवितो. तरीही किंमत जबर होती तोवर हा हिशेब कागदावरच राहिला. सरकारी खरेदीचा भाव २०१४ च्या आरंभी नगास ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले.

मग गिऱ्हाईक केवळ स्वार्थी आहे काय? मला तसे वाटत नाही. शाडूची मूर्ती महाग आणि नाजूक, तरी पुष्कळ घरी ती हौसेने आणतात; विसर्जनानंतरचे पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. साबणाचे तसे नाही. आपल्या मोरीतले पाणी नदीकाठच्या कोणत्या गावाला बाधते, हे दिसत नाही, आणि वेष्टनावरची हिरवी पाने खरी की खोटी, हेही घरी तपासता येत नाही. एकदा फसलेला माणूस पुढे खऱ्या मालावरही विश्वास ठेवीत नाही.

२०२४ साली मडक्याच्या जुन्या योजनेच्या जागी नवे नियम आले, आणि त्याच वर्षी खोट्या ‘हिरव्या’ जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. साबणाच्या वडीवर युनिटांचा आकडा छापता येत नाही. तिथे गिऱ्हाइकाला या तपासणीवरच विसंबावे लागते.