आल्या-लिंबाचें आंबविलेलें पेय

गोव्याहून येणारें मद्य अडविण्यासाठीं इन्सुलीस अबकारी नाका आहे. अशा गांवीं घरांत कांहीं आंबवावयाचें म्हटलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडावयाचीच! परंतु ज्या घरांत कुमारीआसव औषध म्हणून चालतें, तेथें आंबविण्याचाच विटाळ कां? आसवांत धायटीचीं फुलें घालतात तीं आंबण्यासाठींच. आमच्या मतें खरा प्रश्न आहे तो मुदतीचा.

सालासकट किसलेलें ओलें आलें व साखर एकेक चमचा पेलाभर पाण्यांत घालावी व रोज तितकीच भर टाकावी. चारपांच दिवसांत फेंस येतो, हेंच विरजण. आल्याच्या सालीवरील सूक्ष्म जंतु साखर खाऊन वायु व किंचित् मद्यार्क उत्पन्न करतात. सुंठेचा येथें भरंवसा नाहीं.

मग २ लिटर पाण्यांत मूठभर गवती चहा व १५० ग्रॅम साखर उकळावी. पाणी पुरतें निवल्यावरच (ऊन पाण्यांत विरजण मरतें) चार लिंबांचा रस व अर्धा पेला गाळलेलें विरजण घालावें. जाड बाटली चार बोटें रिकामी ठेवून बूच लावावें. कोंकणच्या उष्म्यांत दोन दिवस पुरेत. सकाळ-संध्याकाळ बूच सैल करावें. आळस केल्यास बाटली फुटून कांचा उडतात.

पुढें शीतकपाटांत ठेवून तीनचार दिवसांत संपवावें. गोडी जाऊन उग्रता आली कीं मद्यार्क वाढला असें समजून तें ओतून द्यावें. दुसऱ्या दिवशींही तो थोडा असतोच. म्हणून मुलांस व गर्भिणींस हें देऊं नये. त्यांच्यापुरतें आल्या-लिंबाचें ताजें सरबत करावें.