गाडीचा हीटर गार वारा फेकतो तेव्हा



मांडव्याला हीटर कशाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. आपल्याकडे जानेवारीतही गाडीत बसलं की हात एसीच्या बटणाकडे जातो. म्हणूनच हीटर बिघडलेला वर्षभर कळत नाही. कळतो तो पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढताना, पहाटेच्या थंडीत. आपल्या गटांतल्या काही जणींनी कर्जावर गाडी घेतली आहे, जेट्टीवरून भाडं मारतात. त्यांनी तर हे नीट ऐकावं, कारण गार हीटर हे बहुतेकदा इंजिनाच्या दुखण्याचं लक्षण असतं.

हीटरमध्ये वेगळी शेगडी नसते. इंजिन तापतं, त्याच्याभोवती फिरणारं कूलंटचं पाणी तापतं आणि त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं. पंखा त्या जाळीवरून वारा फेकतो, तोच आपला गरम वारा. म्हणजे वारा गार आला, तर एक तर गरम पाणी जाळीपर्यंत पोहोचत नाही, नाहीतर वारा जाळीवरून जात नाही.

आधी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. कूलंटच्या पांढरट टाकीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. पाणी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर बहुतेक चोर तिथेच सापडला. पण नुसतं भरून मोकळ्या होऊ नका. पाणी गेलं कुठे ते शोधा. पाइपाच्या जोडावर ओल किंवा रंगीत डाग आहे का? पुढच्या सीटखालची चटई ओली आणि गोडसर वास येतो का? तसं असेल तर आतली जाळीच गळते आहे. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

टाकी भरलेली असेल तर गाडी सुरू करून पंधरा-वीस मिनिटं चालवा. तापमानाचा काटा मधोमध यायला हवा. तो खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. काही नव्या गाड्यांत काटा नसतो; तिथे निळा दिवा बराच वेळ विझत नाही, तीच खूण. थर्मोस्टॅट ही तशी स्वस्तातली वस्तू आहे.

मग हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडी बंद करा आणि केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन रबरी नळ्यांना जपून, कापड धरून हात लावा. पदर, ओढणी, वेणी आधी खोचून घ्या. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरतो. दोन्ही नळ्या गरम असतील तर पाणी ठीक आहे, आतली झडप किंवा तिची केबल अडकली असेल. एक गरम आणि एक गार असेल तर जाळी चोंदली आहे, किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी, नाहीतर आत हवा अडकली आहे. ती हवा काढायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी, ते काम गॅरेजवर सोडा.

जाळी चोंदते कशाने? आपल्या किनाऱ्यावर याचं उत्तर बऱ्याचदा विहिरीत असतं. रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की कळशीभर विहिरीचं ओतायची सवय. आपल्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ. त्यातल्या क्षारांनी तांब्याभांड्यांवर जसा थर चढतो तसाच त्या बारीक नळ्यांत चढतो, शिवाय गंज धरतो. ती जाळी बदलायला अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वस्तूपेक्षा मजुरी जास्त. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच वापरा, तीव्र असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. ते चवीला गोड पण विषारी असतं. पोरांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा, सांडलं तर लगेच धुऊन काढा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. घाटात काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता थोडी बाहेर निघते. नंतर गाडी सुरक्षित जागी लावा. पण चालू हीटरमधून एकाएकी गार वारा येऊ लागला, तर पाणी संपलं असं समजा आणि ताबडतोब थांबा, काटा काहीही दाखवो. पाण्याबाहेर पडलेला सेन्सर काही गाड्यांत खोटंच सांगतो. तशीच दामटली तर हेड गास्केट जातं आणि मग हप्ते भरायचे कशातून?

पावसाळ्यात समोरच्या काचेवर धुकं धरतं तेव्हाही हीटर कामाला येतो. एसी आणि गरम वारा एकत्र चालू करून काचेकडे वळवा, बाहेरची हवा आत घ्या. काच लवकर स्वच्छ होते.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसतं ‘हीटर चालत नाही’ म्हणू नका. टाकीत पाणी किती होतं, काटा कुठे होता, कोणती नळी गार होती, ते सांगा. आणि जुना पार्ट काढला की तो मागून घ्या.