ठेचलेल्या लसणाची पन्नास वर्षं

हृदयासाठी लसूण-कांद्याचा उपयोग किती, हा प्रश्न मराठी मुलखात सगळ्यात नेटकेपणाने विचारला गेला तो पुण्यात, १९७०च्या दशकात. डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जैन समाजातली माणसं निवडली. सगळी शाकाहारी, जेवणखाण बरंचसं सारखं. पण काही घरांत कांदा-लसूण भरपूर, काहींत बेताचा आणि काहींत पिढ्यान्‌पिढ्या अजिबात नाही. आठवड्याला ६०० ग्रॅम कांदा व ५० ग्रॅम लसूण खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी १५९ निघालं, थोडा खाणाऱ्यांचं १७२ आणि मुळीच न खाणाऱ्यांचं २०८. हे आकडे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर उद्धृत होत राहिले. जळगाव जिल्ह्यात आमच्या यावल-फैजपूरकडेही अशी तिन्ही तऱ्हेची घरं एकाच गल्लीत सापडतात, म्हणून मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो. अर्थात दोन घरांत फरक फक्त लसणाचाच असतो असं नाही. तूप, कष्ट, वजन यांचाही असतो. निव्वळ पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही.

भारतीय डॉक्टर या वाटेवर आधीच निघाले होते. लखनौमध्ये १९६६ साली कांद्याचा स्निग्ध जेवणानंतरच्या रक्तावर होणारा परिणाम तपासला गेला. उदयपूरचे डॉ. अरुण बोर्डिया यांचा लसणाच्या तेलावरचा लेख १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. तो काळ मोठ्या आशेचा होता. प्रयोग मात्र लहान होते आणि लसणाचा वास लपत नसल्याने कोणाला खरं औषध दिलंय हे झाकून ठेवणंही अवघड.

लसणात काय घडतं ते आमच्या भरिताच्या बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, नीट दिसतं. यावल तालुक्यातलं बामणोद भरिताच्या वांग्यांसाठी सगळ्या खान्देशात प्रसिद्ध. वांगी जाळावर भाजून होईस्तोवर बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला जातो आणि घरभर उग्र वास सुटतो. अख्ख्या पाकळीला तसा वास नसतो. तिच्यात ॲलिइन हे द्रव्य आणि ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरडली की दोन्ही एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं. ते १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळं काढलं. अख्खी पाकळी तापल्या तेलात पडली तर विकर आधीच निकामी होतं. ठेचून दहा मिनिटं ठेवली, तर फोडणीनंतरही थोडे गुण उरतात.

पुढे गोळ्या आणि कॅप्सूल आल्या, दावे वाढले. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, दोन प्रकारच्या लसूण-गोळ्या किंवा नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या. वाईट कोलेस्टेरॉल कुठल्याच गटात लक्षणीय उतरलं नाही. मला हा निकाल पटतो, कारण मोजमाप चोख होतं. रक्तदाबाचं चित्र जरा बरं आहे: २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी आठेक अंकांनी उतरलेला दिसला.

कांद्यातल्या क्वेर्सेटिन या फ्लॅव्होनॉइडकडे लक्ष गेलं ते नेदरलँड्समधल्या झुटफेनच्या १९९३च्या अभ्यासामुळे. चहा, कांदा, सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइड जास्त घेणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू कमी होते. लसणाच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या आल्याच्या वाट्याला मात्र यश कमी आलं. बोर्डिया यांनीच १९९७ मध्ये हृदयरुग्णांना रोज चार ग्रॅम सुंठ तीन महिने देऊन पाहिली. कोलेस्टेरॉल हललं नाही.

एवढं सगळं होऊनही ‘सकाळी उपाशीपोटी दोन पाकळ्या खा, गोळी बंद करा’ असं सांगणारे गावोगाव भेटतात, आणि ऐकणारेही. याची मला खरोखर काळजी वाटते. बीपीची गोळी कोणी लसणाच्या भरवशावर सोडू नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर लसणाच्या कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. अशा कॅप्सूलमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

चाचण्यांत बहुतेक वेळा गोळ्या आणि अर्क वापरले गेले. आम्ही खातो तो लसूण तेल-मिरचीत परतलेला, सोबत कळण्याची भाकरी. सैनानींनी मोजला तसा आठवड्याचा कांदा-लसूण आमच्या तालुक्यातल्या घरांत कोणी मोजायला घेतला, तर ठेच्यातलं, पापडातलं आणि शेवभाजीतलं, रक्तदाब वाढवणारं मीठही त्याच वहीत लिहावं लागेल.