इंजिनाचा श्वास

विद्यार्थी मित्रांनो, खापरखेड्याच्या वीज केंद्राची उंच धुराडी तुम्ही रोज पाहता. तेथे कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. ती वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि त्यातून वीज मिळते. तशीच एक लहानशी टर्बाइन मोटारीच्या इंजिनालाही जोडता येते. तिला वाफ लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूरच तिला फिरवतो. या यंत्राला टर्बोचार्जर किंवा थोडक्यात टर्बो म्हणतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

टर्बोचे काम काय? चूल फुंकली की जाळ वाढतो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. इंजिनाचेही तसेच आहे. हवा जास्त मिळाली तर इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाके असतात. एक चाक धुराने फिरते. त्यामुळे दुसरेही फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. वाया जाणारा धूर असा कामाला लागतो.

आपल्या महाराष्ट्रात टाटांची सफारी १९९८ साली आणि महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली. दोन्ही गाड्यांना चार सिलिंडरांचे, टर्बो असलेले डिझेल इंजिन होते. अशी इंजिने कारखान्यातच जादा दाब सोसतील अशी बनवलेली असतात. पण टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनावर तो बसवायचा असेल तर? नुसते नटबोल्ट आवळून भागत नाही. आधी इंजिन उघडून नव्याने बांधावे लागते.

सुरुवात पिस्टनपासून होते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण फार दाबले गेले, तर ते वेळेआधी आपोआप भडकते. इंजिनातून टकटक आवाज येतो आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणून ओतीव पिस्टन काढून घडीव पिस्टन घालतात. साध्या इंजिनात मिश्रण सुमारे दहापट दाबले जात असेल, तर टर्बोसाठी ते प्रमाण आठ किंवा नऊपट ठेवतात.

पिस्टनवरच्या रिंगांकडे नीट लक्ष द्या. रिंगेच्या दोन टोकांत थोडी फट असते. उष्णतेने रिंग वाढते. फट फार कमी असेल तर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. म्हणून टर्बोच्या इंजिनात ही फट जरा जास्त ठेवतात. केसाएवढ्या मापाची चूक सारे इंजिन बिघडवते!

पिस्टनचा जोर क्रँकपर्यंत नेणारे कनेक्टिंग रॉडही मजबूत लागतात. सिलिंडरांवरचे झाकण म्हणजे हेड. आतल्या दाबाने ते उचलले जाऊ नये म्हणून पोलादी थरांचे गॅसकेट आणि दणकट बोल्ट वापरतात. बोल्ट अंदाजाने नव्हे, तर मोजमापाच्या पान्याने ठरलेल्या क्रमाने आवळतात.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? टर्बोनेही हवा तापते. ती थंड करायला इंटरकूलर बसवतात. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने वाढवावे लागते. नाहीतर आतली उष्णता भलतीच वाढते.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून तेल स्वच्छ हवे. गाडी जोरात पळवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. थोडा वेळ ते तसेच सावकाश चालू ठेवावे, नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेले तेल जळते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली शिकेल, कोणी अभियंता होईल. एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. वेग वाढला, पण ब्रेक जुनेच राहिले, तर गाडीत बसलेल्यांचा आणि रस्त्यावरच्यांचाही जीव धोक्यात येतो. ताकद मिळवणे सोपे असते. ती पेलण्याची तयारी आधी करावी लागते. हे इंजिनाला लागू आहे आणि माणसालाही!

शब्दार्थ
धुराडे – धूर बाहेर सोडणारा उंच मनोरा
ओतीव – वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले
घडीव – धातूवर ठोके किंवा दाब देऊन केलेले
पेलणे – भार सांभाळणे

स्वाध्याय
१. टर्बो कशाच्या जोरावर फिरतो?
२. रिंगेच्या टोकांत फट का ठेवतात?
३. 'ताकद पेलण्याची तयारी आधी करावी लागते' हे तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन पाच-सहा वाक्यांत लिहा.